आत्याची ठेव

दिवाळीच्या अंकात दिवाळ्याची गोष्ट काढू नये, असे आमच्या सौ.चे मत आहे. शुभ दिवशी अशुभ बोलू नये, हे मलाही कळते. पण मी पडलो मराठीचा मास्तर. या सदरात एकेक शब्द उलटासुलटा करून पाहायचा आणि वाचकांपुढे मांडायचा, हा माझा नेहमीचा उद्योग. आणि दिवाळे हा शब्द दिवाळीच्या इतका शेजारी राहतो की त्याला वळसा घालून जाणे मला तरी जमत नाही. जुन्या काळी म्हणे एखाद्या व्यापाऱ्याला देणी झेपेनाशी झाली की तो भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी आणि स्वतः काही दिवस दिसेनासा होई. दिवसाढवळ्या दिवा जळताना दिसला, की घेणेकऱ्यांनी काय ते समजावे. त्या दिव्यावरून दिवाळे. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य आहे असे नाही. विद्वानांत तिच्यावरून वाद आहे. पण मला ती आवडते, कारण तिच्यात थोडा तरी प्रामाणिकपणा आहे. निदान दिवा लागत असे! हल्ली दिवा वगैरे काही लागत नाही. हल्ली "पुढच्या महिन्यात या" असे सांगतात.

हे "पुढच्या महिन्यात या" माझी आत्या गेले दीड वर्ष ऐकते आहे.

आत्या नगरला माळीवाड्यात राहते. (शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. आत्या पत्ता लिहिताना तसे लिहिते आणि बोलताना नगर म्हणते. मीही तिच्याच पंगतीतला.) वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. लग्नानंतर अकरा वर्षांत यजमान गेले. मूलबाळ नाही. सकाळी बालवाडी आणि संध्याकाळी शिवणयंत्र, असे करत तिने आयुष्य काढले. पेन्शन नाही, कुणापुढे हात पसरलेला नाही. दर महिन्याला जे उरेल ते पोस्टात, हा तिचा शिरस्ता. आपल्याकडे पोस्टाची बचत बँक १८८२ साली सुरू झाली. तिच्यासारख्या माणसांसाठीच ती सुरू झाली असावी, असे मला आत्याचे पासबुक पाहिले की वाटते. पाच रुपये, अकरा रुपये, सणाच्या महिन्यात काहीच नाही, पुन्हा सात रुपये. एखाद्या कादंबरीपेक्षा ते पासबुक मला अधिक वाचनीय वाटत आले आहे.

या पासबुकातून काढून आणि बांगड्या मोडून आत्याने आठ वर्षांपूर्वी तीन लाख साठ हजार रुपये पेठेतल्या एका पतसंस्थेत मुदतठेवीत ठेवले. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. व्याज पोस्टापेक्षा दीड टक्का जास्त होते. आणि संस्थेचा सचिव माझाच जुना विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, पण वाकून नमस्कार करणारा. तो स्वतः अर्ज घेऊन घरी आला, चहा प्याला, आत्याच्या पाया पडला.

अर्जावर खाली एक रकाना होता : ओळख देणाऱ्याची सही. "अर्जदारास मी अमुक वर्षांपासून ओळखतो." मी मोठ्या ऐटीत "जन्मापासून" असे लिहून सही ठोकली. आत्याला मी ओळखतो काय, हे त्या कागदाने मला विचारले. संस्थेला मी ओळखतो काय, असे विचारणारा रकाना त्यावर नव्हता. आणि तो प्रश्न आपण होऊन स्वतःला विचारण्याइतकी अक्कल मराठीच्या एम. ए.ला शिकवत नाहीत.

ठेवीची मुदत गेल्या वर्षी मार्चमध्ये संपली. आत्याला गुडघ्याचे ऑपरेशन करून घ्यायचे होते. दवाखान्यात तारीखही ठरली होती. संस्थेत गेलो तेव्हा सचिव पुन्हा पाया पडला, पुन्हा चहा मागवला, आणि म्हणाला, "सर, थोडी वसुली अडकलीय. पुढच्या महिन्यात या." ऑपरेशन पुढे गेले. पुढचा महिना काही आला नाही.

मास्तर माणसाला अपराधी वाटू लागले, की तो वाचायला लागतो. दुसरे काही त्याला येतच नाही. ही ठेव, पतपेढी, बँक प्रकरणे आली कुठून, कुणी काढली, आणि त्यांत आत्यासारखीची जागा नेमकी कोणती, याचा मी शोध घेऊ लागलो. सुरुवात अर्थात शब्दांपासून केली. बँक हा शब्द निघाला इटलीच्या बाजारात मांडलेल्या बाकावरून. "बांको" म्हणजे बाक. त्यावर नाणी पसरून सराफ बसत. आपल्या पेढीचे नातेही पीठ, पीठिका अशा बसण्याच्याच शब्दांशी जोडतात. आणि सावकार? साधू, साहू, साहुकार, सावकार! साधूचा सावकार झाला, यावर भाषेचा इतिहास शिकवताना वर्गात हमखास हशा पिकतो. आमच्या जिल्ह्यात मात्र एके काळी या शब्दाला कुणी हसत नव्हते.

१८७५ चा मे महिना. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दारावर गेले, आणि ते लोण बघता बघता आमच्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, नगर या तालुक्यांत पसरले. "दख्खनचे दंगे" म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. या दंग्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जखते, रोखे, गहाणपत्रे मागून घ्यायची आणि चव्हाट्यावर जाळायची. ज्याला वाचता येत नव्हते, त्यानेही आपला वैरी कोण ते बरोबर हेरले होते : तो कागद! सरकारने चौकशी कमिशन नेमले आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. कर्जाच्या दाव्यांत न्यायाधीशांना व्यवहाराच्या मुळापर्यंत जाता येऊ लागले. पण सावकाराकडे जाऊ नको म्हटले, तर जायचे कुणाकडे? या प्रश्नाला त्या कायद्यात उत्तर नव्हते.

उत्तर आले ते युरोपातून, आणि निम्मे अधिक इटलीतून. वाचकांनी घाबरू नये, मी प्रवासवर्णन लिहीत नाही. आणि माझ्यासारख्या नगरी माणसाला इटली म्हणजे नकाशातला बूट. पण बचतीच्या बाबतीत त्या देशाने फार लवकर डोके लढवले. पेरुजा नावाच्या गावी १४६२ साली फ्रान्सिस्कन साधूंच्या पुढाकाराने गरिबांसाठी गहाणवटीची धर्मादाय पेढी निघाली. सावकाराच्या जाचातून सुटका हाच तिचा हेतू. म्हणजे आमच्याकडे साधूचा सावकार झाला, तिकडे सावकाराशी झुंजायला साधू उभे राहिले! पुढे १८२२ साली व्हेनिसला आणि १८२३ साली मिलानला बचत बँका निघाल्या. त्यांना "कास्सा दि रिस्पार्मियो" म्हणत. सरळ मराठीत बचतीची पेटी. मोलकरणी, कारागीर, मजूर यांची चार नाणी सुरक्षित ठेवून वर थोडे व्याज द्यायचे. गावचे जमीनदार, धर्मगुरू, वकील पुढे होऊन हे काम करीत. बहुतेक ठिकाणी नफा वाटून घेणारा मालक असा कुणी नव्हताच. शिल्लक राहील ती गंगाजळीत, नाही तर दवाखान्याला, अनाथालयाला. गावागावांत अशा पेट्या निघाल्या आणि गावच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

या बचत बँकांत गरिबाचा पैसा ठेवला जाई, पण गरिबाला कर्ज मिळेलच असे नव्हते. ही उणीव एका प्राध्यापकाच्या ध्यानात आली. (आमच्या जातीचा एक तरी माणूस उपयोगी पडला, हे वाचून मला बरे वाटले.) लुइजी लुझ्झात्ती त्याचे नाव. जर्मनीत शुल्झे-डेलिच याने सहकारी पतपेढ्या काढल्या होत्या, त्यांत सभासदाची जबाबदारी अमर्याद असे. संस्था बुडाली तर घरदार जायचे. लुझ्झात्तीने ती जबाबदारी भागाच्या रकमेपुरती ठेवली. एका माणसाला एक मत, मग त्याचे भाग किती का असेनात. कर्ज देताना माणसाचे तारण पाहायचेच, पण त्याहून अधिक त्याची चालचलणूक पाहायची. आणि ती पाहायची तर संचालक शेजारपाजारचेच हवेत. १८६५ साली त्याने मिलानला अशी लोकबँक उभी केली. आपल्याकडच्या शहरी सहकारी बँकांची वंशावळ या मिलानच्या बँकेपर्यंत जाते.

आपल्या बाजूला पहिले पाऊल पडले ते बडोद्यात. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी गृहस्थांच्या पुढाकाराने १८८९ साली तिथे "अन्योन्य सहकारी मंडळी" निघाली. काय सुंदर नाव आहे! एकमेकांनी एकमेकांसाठी, हे सांगायला "अन्योन्य" एवढा एक शब्द पुरला. पुढे १९०४ साली सरकारने सहकारी पतसंस्थांचा कायदा केला आणि मग गावोगाव मंडळ्या निघू लागल्या.

आमच्या नगरला नगर अर्बन बँक निघाली ती १९१० साली. मौज अशी, की त्याच वर्षी मार्चच्या अखेरीस लुझ्झात्ती इटलीचा पंतप्रधान झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण मिलानच्या प्राध्यापकाची कल्पना पंचेचाळीस वर्षांत नगरच्या बाजारपेठेत येऊन बसली, तेव्हा तो प्राध्यापक देशाच्या सर्वोच्च खुर्चीवर होता, हे चित्र मला फार आवडते. ज्या जिल्ह्यात पस्तीस वर्षांपूर्वी खते जाळली गेली, तिथे लोक आता स्वखुशीने कागदावर सह्या करू लागले. कारण कागद आपला होता.

सहकाराला आमच्या जिल्ह्याची माती मानवली. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५० चा. ती हकिगत सर्वांना पाठ आहे, म्हणून सांगत बसत नाही. तिच्यामुळे इथल्या माणसाच्या कानाला "सहकारी" हा शब्द सरकारी शिक्क्याइतका, कदाचित देवाच्या नावाइतका विश्वासाचा वाटू लागला, एवढेच सांगायचे आहे. आत्याचा तो विश्वास असाच घडलेला. संस्थेच्या पाटीवर "सहकारी" आहे ना? मग झाले!

आता थोडे कडू सांगतो. नगर अर्बन बँक पुढे मोठी झाली, बहुराज्यीय झाली, शेकडो कोटींच्या ठेवी तिच्याकडे आल्या. २०१९ साली रिझर्व्ह बँकेने तिच्यावर प्रशासक नेमला. मग निवडणूक होऊन नवे संचालक मंडळ आले, आणि लगोलग ६ डिसेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले : खातेदाराला दहा हजार रुपयांच्या वर काढता येणार नाहीत. कर्जप्रकरणांवरून पोलिसांत गुन्हे नोंदले गेले, तपास सुरू झाला. शेवटी ४ ऑक्टोबर २०२३ रोजी बँकेचा परवाना रद्द झाला. पुरेसे भांडवल नाही आणि मिळकतीची आशा नाही, असे रिझर्व्ह बँकेने कारण दिले. एकशे तेरा वर्षांची बँक! त्या संध्याकाळी आमच्या स्टाफरूममध्ये कुणी चढ्या आवाजात बोलले नाही. घरातले कुणी वडीलधारे गेल्यावर असते तशी ती शांतता होती. (आत्याची पतसंस्था निराळी आणि ही बँक निराळी, दोहोंचा काही संबंध नाही, हे इथेच स्पष्ट करतो.)

हे आपल्याकडेच घडते, आपली माणसेच तशी, असे म्हणून उसासा टाकण्याची आपल्याला सवय आहे. म्हणून पुन्हा एकदा इटलीत डोकावून येऊ. पो नदीच्या खोऱ्यात फेरारा नावाचे एक जुने, देखणे गाव आहे. तिथली बचत बँक १८३८ सालची. त्या वेळी त्या गावावर पोपचे राज्य होते. पोप गेला, राजा आला, मुसोलिनी आला आणि गेला, दोन महायुद्धे झाली, बँक टिकली. १९९० साली इटलीने कायदा करून अशा बचत बँकांचे दोन भाग केले. धर्मादायाचे काम एका प्रतिष्ठानाकडे गेले, आणि बँक झाली भागधारकांची कंपनी. फेराराच्या बँकेला भांडवल हवे झाले, तेव्हा गावातल्याच लोकांनी तिचे भाग आणि रोखे घेतले. का घेतले? बँक आपली, खिडकीमागचा माणूस ओळखीचा! आजोबांचेही खाते तिथेच होते. २०१३ साली सरकारी प्रशासक आले, आणि २२ नोव्हेंबर २०१५ रोजी, एका रविवारी, सरकारने फेराराच्या बँकेसकट चार प्रादेशिक बँका एकदम मोडीत काढून त्यांच्या जागी नव्या बँका उभ्या केल्या. ठेवी वाचल्या. पण त्याच खिडकीवर ज्यांनी भाग आणि गौण रोखे घेतले होते, त्यांचा कागद एका रात्रीत शून्य किमतीचा झाला. पुढे पुष्कळ आरडाओरडा होऊन रोखेवाल्यांपैकी अनेकांना अंशतः भरपाई मिळाली. फेराराची जी नवी बँक होती, ती २०१७ साली दुसऱ्या एका मोठ्या बँकेने घेतली. आत्याच्या वयाच्या कितीतरी बायका तिथेही कागद हातात धरून रांगेत उभ्या राहिल्या असतील.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, आणि माझ्या वाचनातून माझ्या हाती लागली ती हीच. या साऱ्या संस्था ओळखीवर उभ्या राहिल्या. लुझ्झात्तीला शेजारी हवा होता तो कर्जदाराची पारख करण्यासाठी. शेजाऱ्याला उधारीची कळ माहीत असते, खोटे लपत नाही, म्हणून. पण शेजारच्याला नाही म्हणणे सर्वांत अवघड, हे त्या प्राध्यापकाच्या लक्षात आले नसावे. गाव लहान असते तोवर ओळख पहारा देते. संस्था मोठी झाली, की तीच ओळख दार उघडून देते.

आणि दार उघडते कुणाच्या पैशावर? इथे मी चक्रावलो. शहरी सहकारी बँकेतून कर्ज घ्यायचे तर भाग घेऊन सभासद व्हावे लागते. कर्ज विनातारण असेल तर शेकडा पाच आणि तारणी असेल तर शेकडा अडीच इतक्या रकमेचे भाग, असा साधारण दंडक. सभासद झाला की मत आले. ठेवीदाराला सभासद होण्याची सक्ती नाही. तो पासबुक घेऊन खूष असतो. म्हणजे बँकेत पैसा मुख्यतः ठेवणाऱ्यांचा, आणि संचालक निवडणार मुख्यतः घेणारे! इटलीच्या जुन्या बचत पेटीला मालक नव्हता; आमच्या बँकेला मालक आहेत, पण ते खिडकीच्या कर्जाच्या बाजूला उभे आहेत. मी ही गोष्ट आमच्या वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांना मोठ्या शोधाच्या थाटात सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "हे आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकवतो."

त्यांनीच मला विम्याचे सांगितले, तेही वाचकांच्या उपयोगाचे आहे. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यानंतर ठेवींच्या विम्याचा कायदा झाला आणि १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला पंधराशे रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. ती मर्यादा वाढत वाढत १९९३ साली एक लाखावर, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांवर आली. एका बँकेतल्या सगळ्या शाखांतल्या एका माणसाच्या ठेवी, मुद्दल आणि व्याज मिळून, पाच लाख. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत ही रक्कम देण्याची सोय झाली. नगर अर्बनचा परवाना गेला, तेव्हा शंभरातल्या पंचाण्णव ठेवीदारांना विम्यातून आपली सगळी रक्कम मिळू शकते, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. उरलेल्या पाचांनी काय करावे? अवसायकाची वाट पाहावी.

मी हे ऐकून हर्षभरित झालो. आत्याचे तीन लाख साठ हजार, व्याज धरूनही पाचाच्या फार वर नव्हते. मी म्हटले, "म्हणजे आमच्या आत्याला...?"

सहकारी म्हणाले, "बँक आहे का पतसंस्था?"

"पतसंस्था."

"मग नाही. हा विमा बँकांना. पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, आणि हा विमाही नसतो."

पाटीवर "सहकारी" दोहोंच्याही. व्याजाचा तो दीड टक्का कशाबद्दल मिळत होता, ते मला त्या दिवशी कळले.

घरी येऊन आत्याला हे सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी सांगितले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तू सही केलीस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. पैसे मी ठेवले. मला काय वाचता येत नव्हतं?" मग थोड्या वेळाने : "त्यांची सभा असते ना रे वर्षाची? तिथं विचारता येतं ना?"

सभा ऑगस्टमध्ये होती. एका मंगल कार्यालयात, वर पंखे, खाली लाल खुर्च्या, दारात गुलाबपाणी. आम्ही रिक्षाने गेलो. तीन पायऱ्या चढायला आत्याला बराच वेळ लागला. दारावर एक तरुण यादी घेऊन बसला होता. त्याने नाव शोधले, पुन्हा शोधले, आणि म्हणाला, "आजी, तुमचं नाव नाममात्र सभासदात आहे. तुम्हाला बसता येईल. बोलता येणार नाही आणि मतही नाही."

नाममात्र! वीस वर्षे मी हा शब्द वर्गात शिकवतो आहे. नाम आणि मात्र, म्हणजे केवळ नावापुरते. उदाहरण म्हणून पेशवाईतल्या छत्रपतींचे देतो. त्या दिवशी माझ्या शेजारी उभी असलेली माझी आत्या त्या शब्दाचे उदाहरण झाली. पतसंस्थेला ठेव सभासदाकडूनच घेता येते, म्हणून आठ वर्षांपूर्वी पन्नास रुपये घेऊन तिला नाममात्र सभासद करून ठेवले होते. सहकार कायद्यात या वर्गाला मताचा हक्क नाही, नफ्यातही वाटा नाही. तिच्या पावतीवर ते छापलेलेही होते, बारीक अक्षरांत. मी मराठीचा प्राध्यापक. मी ते वाचले नव्हते.

सभा चाळीस मिनिटांत संपली. अहवाल वाचला असे समजण्यात आले, ताळेबंद मंजूर, मंजूर, मंजूर. समोरच्या रांगांतली मंडळी हात वर करीत होती. सचिवाने आत्याला ओळखून लांबून नमस्कार केला. आत्यानेही केला. नंतर चिवडा आणि पेढा होता, आत्याने पेढा रुमालात बांधून घेतला आणि घरी आल्यावर मला म्हणाली, "तीन लाख साठ हजारांचा पेढा. खा."

मला हसू आले आणि हसवतही नव्हते.

त्या रात्री आम्ही दोघे कायद्याचे पुस्तक घेऊन बसलो. मी वाचत होतो, ती शिवणाच्या पेटीवर हात ठेवून ऐकत होती. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात एक कलम तिला फार आवडले. लायक माणसाने पूर्ण सभासदत्वासाठी रीतसर अर्ज केला आणि संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर तो सभासद झाला असेच मानले जाते. तिने ते मला तीनदा वाचायला लावले. "म्हणजे ते नुसते गप्प बसले, तरी मी होते?"

"होतेस."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर कारण द्यावं लागेल, आणि आपल्याला निबंधकाकडे जाता येईल."

"मग लिही."

मी लिहायला घेतले. "माननीय महोदय, सविनय सादर" इतके झाले होते, तोच तिने कागद माझ्या हातातून घेतला. बालवाडीच्या फळ्यावरचे तिचे ते गोल, टपोरे अक्षर. अर्ज तिने स्वतः लिहिला, आठ ओळींचा. एक भाग घेण्याचे पैसे सोबत जोडले. सव्वीस ऑगस्टला आम्ही तो संस्थेत दिला. कारकून म्हणाला, ठेवा, बघतो. आत्या म्हणाली, "पोच हवी." आवक शिक्का आणि तारीख पडेपर्यंत ती बाकावरून उठली नाही.

सौ.ने परवा विचारले, एवढे करून पैसे मिळणार आहेत का? मला सांगता येत नाही. वसुली खरोखरच अडकली असेल, तर एक मत काय करणार! तसे मी आत्याला म्हटलेही. ती म्हणाली, "पैसे येतील तेव्हा येतील. पुढच्या सभेला मी नुसती पेढा खायला जाणार नाही."

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मी तिच्याकडे होतो. चौरंगावर चांदीचा एक रुपया, केरसुणी, आणि पोस्टाचे जुने पासबुक, ज्यात आता नावापुरते काहीतरी शिल्लक आहे. पतसंस्थेची पावती मला दिसली नाही. विचारले तर म्हणाली, "ती डब्यात आहे. ज्याची चौकशी चालू आहे त्याची पूजा करत नाहीत."

यंदा तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दिवाळीचे दिवस सोडून पुढच्या महिन्यातली एक तारीख लाल पेन्सिलीने गोल केली आहे. सव्वीस नोव्हेंबर. दूधवाल्याचे खाडे आणि गॅसच्या टाकीची नोंद यांच्या मधोमध तो गोल आहे. रोज सकाळी ती त्याच्या आधीचा एक दिवस खोडते.